चुन्यानं आखलेली गाडी

"अगं, एक पाऊलसुद्धा मागे सरकू नकोस, न्हाणीघरात जाशील!"

भाऊजी ओरडले आणि ताई जागच्या जागी थबकली. तिच्या मागे न्हाणीघर नव्हतंच. पेरूचं झाड होतं, झाडाखाली पाण्याची टाकी होती. पण अंगणात चुन्याच्या फक्कीनं सात मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद असा एक चौकोन आखलेला होता. त्या चौकोनाच्या आत आणखी छोटे चौकोन होते. हा ओटा, हे टेबल, ही बाकडी, ही झोपायची जागा, आणि कोपऱ्यातलं ते, हात पसरले तर दोन्ही कोपरं आपटतील एवढं, न्हाणीघर आणि शौचालय मिळून. ताईच्या हातात खरंखुरं पातेलं होतं. सहा वर्षांची नात ड्रायव्हरच्या मागच्या चौकोनात खुर्ची टाकून बसली होती आणि दर दोन मिनिटांनी विचारत होती, "आजोबा, आलं का न्यूझीलंड?"

रायपूरजवळच्या बीरगांवात, माझ्या थोरल्या बहिणीच्या अंगणात, परदेशातल्या सहलीची रंगीत तालीम चालली होती.

बीरगांव हे काही पर्यटकांनी जावं असं ठिकाण नाही, हे आधीच सांगून टाकते. मी मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेसनं निघाले, रायपूरला उतरले तेव्हा मध्यरात्र होत आली होती. स्टेशनवरून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की दुतर्फा ट्रकच ट्रक. मग भनपुरी, रावांभाठा आणि त्याला लागून बीरगांव. आता इथे महानगरपालिका आहे, पण गावाचा जीव अडकलाय तो शेजारच्या उरल्याच्या कारखान्यांत. रोलिंग मिल, लोखंडाच्या भट्ट्या, फॅब्रिकेशनची वर्कशॉप्स. उरला हे वसाहतीचं नाव ऐकून मराठी माणसाला हसू येतं. कोण उरला, कुठे उरला? पण दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर सकाळी काळी पूड बसलेली दिसते, तेव्हा हसू ओसरतं. भाऊजींनी इथल्याच एका रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं सुपरवायझरकी केली. या दिवाळीच्या सुमारास ते निवृत्त होताहेत.

मराठी माणूस इथे परका नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढात आला. रघूजींचे पुत्र बिंबाजी 1758 पासून रतनपूरला राहून कारभार पाहत. त्या वेळेपासून मराठी घरं या भागात येत राहिली. रायपुरात तात्यापारा नावाची वस्ती आहे आणि 1935 साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ आजही जोरात चालतं. ताई वर्ध्याहून लग्न होऊन इथे आली. आता तिच्या मराठीत "मस्त"च्या जागी "बढिया" येतं आणि दिवाळीच्या फराळात चकलीशेजारी ठेठरी-खुरमी असते. एवढ्या वर्षांत ती दोघं फिरली किती? तिरुपती, एकदा पुरी, आणि दर उन्हाळ्यात वर्धा.

म्हणून पुण्याच्या मुलानं फोनवर "बाबा, तुमच्या निवृत्तीला आपण सगळे न्यूझीलंडला जाऊ, तेही स्वतः गाडी चालवत, गाडीतच राहत" असं सांगितलं तेव्हा भाऊजी एका पायावर तयार झाले. ताईनं मात्र एकच प्रश्न विचारला.

"त्या गाडीत स्वयंपाक कोण करणार?"

फोनवर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही म्हणे.

गाडी की घर?

ज्यांना कॅम्परव्हॅन ही भानगड ठाऊक नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. बाहेरून मिनीबससारखी दिसणारी ही गाडी म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. आत गॅसची शेगडी, छोटा फ्रीज, मोरी, पाण्याची टाकी. दिवसा जे जेवणाचं टेबल असतं ते रात्री खाली दुमडून त्यावर गादी पसरायची. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखी आणखी एक झोपायची जागा. दोघांसाठीच्या लहान गाड्या मिळतात तशा सहा जणांच्या मोठ्याही. युरोपात, ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये त्या भाड्यानं मिळतात आणि त्या लावायला जागोजागी खास तळ असतात. आपल्याकडेही आता सुरुवात झाली आहे. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच साली केरळनंही.

या हौसेची जन्मकथा मोठी गमतीची आहे. 1885 मध्ये विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश गृहस्थानं निव्वळ मौजेसाठी राहती गाडी बांधून घेतली. हे नौदलातले निवृत्त डॉक्टर. गाडीचं नाव 'वाँडरर', म्हणजे भटक्या. ती घोडे ओढत. बरोबर गाडीवान होता, आणि एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे की नाही ते बघत असे. मी ही गोष्ट कौतुकानं ताईला सांगितली तर ती म्हणाली, "बघ, म्हणजे पहिल्या गाडीपासूनच नोकर होता!"

या बोलण्यावर मी निरुत्तर झाले. या सहलीची खरी मेख तिथेच होती. हॉटेलात उतरलं तर चहा समोर येतो, अंथरूण कुणीतरी आवरतं. टूरबरोबर गेलं तर पोळी-भाजीही मिळते. आणि इथे बाईनं उभ्या आयुष्यात एकदा परदेशी जायचं तेही आपलं स्वयंपाकघर पाठीवर घेऊन! ताईचा विरोध खर्चाला नव्हता, थंडीला नव्हता, विमानाला तर मुळीच नव्हता. वरची खोली बांधायला ठेवलेल्या पैशातला निम्मा वाटा या सहलीत जाणार, तेही तिनं मान्य केलं होतं. "पण बारा दिवस मी तिथे पोळ्या लाटणार असेन तर मला इथेच राहू द्या, इथला ओटा मोठा आहे," असं तिनं शांतपणे सांगितलं होतं. तालमीची कल्पना त्यातूनच निघाली. सून म्हणाली, "आई, आधी इथेच दोन दिवस राहून पाहू. नाही जमलं तर हॉटेलं बुक करू."

कागदपत्रं आणि वजनकाटा

कागदपत्रांची बाजू मुलगा आणि भाऊजी यांनी आधीच मार्गी लावली होती. न्यूझीलंडच का निवडलं, याचं पहिलं कारण रस्त्याची बाजू. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं. फ्रान्स-जर्मनीत उजवीकडून. साठीला टेकलेल्या माणसानं, पहिल्यांदाच, एवढी मोठी गाडी, तीही उलट्या बाजूनं चालवण्याचं धाडस न केलेलं बरं.

आपला इंग्रजीतला वैध वाहन परवाना पर्यटकाला तिथे चालतो. तरीही इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवावं. गाडी भाड्यानं देणारे आणि विमा कंपन्या ते बघतात. आपल्या आरटीओतूनच ते मिळतं, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. पूर्वी त्यासाठी व्हिसा आणि वैद्यकीय दाखला लागायचा, 2021 च्या जानेवारीत ती अट काढून टाकली. मात्र मूळ परवाना घरी ठेवून नुसतं परमिट नेलं तर उपयोग नाही, दोन्ही जवळ हवेत. व्हिसा आधीच काढावा लागतो, आणि त्याबरोबर पर्यटकांकडून घेतला जाणारा कर 2024 च्या ऑक्टोबरपासून 35 वरून 100 न्यूझीलंड डॉलर झाला आहे. पाच माणसांचं गणित करताना हा आकडा विसरू नका.

आता गाडीचं वजन. आपल्याकडच्या मोटारीच्या परवान्याइतकाच तिथला साधा परवाना सहा टनांपर्यंतच्या गाडीला पुरतो, त्यामुळे सहा जणांची कॅम्परव्हॅन त्यात बसते. पण एकूण वजन साडेतीन टनांच्या वर गेलं की खुल्या रस्त्यावर वेगमर्यादा शंभरऐवजी नव्वद. भाऊजींना याचं काही वाटलं नाही. त्यांचा खरा हिरमोड झाला तो हॉर्नमुळे. तिथे कुणी उगाच हॉर्न वाजवत नाही, हे ऐकून ते म्हणाले, "मग समोरच्याला कळणार कसं मी येतोय ते?" आयुष्यभर ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न प्लीज' वाचत गाडी चालवलेल्या माणसाचा हा प्रश्न अगदी रास्त होता!

उलट तिथला दंडक असा की आपल्या मागे गाड्या साचल्या तर जागा बघून बाजूला घ्यायचं आणि त्यांना पुढे जाऊ द्यायचं. दक्षिण बेटावर एकपदरी पूल पुष्कळ. पुलाच्या तोंडाशी पाटीवर दोन बाण असतात. आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबून समोरच्याला वाट द्यायची. चौकातल्या गोल वळशाला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. नियम नवीन नाहीत, आपल्या परवान्याच्या पुस्तकातही त्यातले बरेचसे असतात. ते पाळायची सवय नवीन.

भाडेकराराचा कागद नीट वाचा, हे मी वाचकांना कळकळीनं सांगेन. विमा असला तरी अपघातात पहिले काही हजार डॉलर आपल्या खिशातून जाऊ शकतात. जादा पैसे भरून ती रक्कम कमी करता येते. गाडीच्या छपराला आणि तळाला झालेलं नुकसान पुष्कळदा विम्यात धरलेलंच नसतं. गाडीची उंची तीन मीटरच्या वर. पेट्रोल पंपाचं छत, झाडाची फांदी, बाजारातल्या वाहनतळाची कमान, सगळीकडे मान वर करून बघायचं. कच्च्या रस्त्यांवर न्यायला बहुतेक मालक मनाई करतात. आणि डिझेलची गाडी असेल तर आणखी एक खोच आहे. तिथे रस्त्याचा कर डिझेलच्या दरात नसतो, किलोमीटरवर वेगळा लागतो. पंपावरचा स्वस्त दर बघून हुरळून गेलात तर गाडी परत करताना बिल हातात पडतं. नातीसाठी लहान मुलांची खास सीट लागणार हेही आधीच सांगून ठेवलं, कारण सात वर्षांखालच्या मुलांना ती कायद्यानं सक्तीची आहे आणि कॅम्परव्हॅनमधल्या प्रत्येक आसनावर ती बसत नाही.

रावांभाठ्याचे गुरुजी

तालमीच्या आदल्या संध्याकाळी भाऊजी म्हणाले, "चल, तुला गाडीत राहणारी माणसं दाखवतो." बीरगांवला लागून रावांभाठ्याचं ट्रान्स्पोर्ट नगर आहे. पंजाब, बिहार, ओडिशा, आंध्र, जिथल्या म्हणाल तिथल्या ट्रकांच्या रांगा. माल चढायला दोन-दोन दिवस लागतात आणि तोवर ही माणसं गाडीतच राहतात.

आम्ही तास-दीड तास हिंडलो आणि मी वही भरून टिपणं काढली. एका ट्रकच्या केबिनमध्ये डोकावले. पातेली एकात एक बसवलेली आणि त्यांच्यामध्ये फडकी, आवाज होऊ नये म्हणून. मिठा-मसाल्याचे डबे सगळे फिरकीच्या झाकणाचे. काचेचं काही नाही. पाण्याचा कॅन वर नाही, खाली, बांधलेला. प्रत्येक वस्तूला दोरी किंवा खिळा. चपला बाहेरच्या पायरीवर. बिहारकडच्या एका चालकाला भाऊजींनी आपला बेत सांगितला. त्यानं पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली की ही माणसं पैसे देऊन, हौसेनं, गाडीत राहायला निघाली आहेत. मग तो पोटभर हसला. पण सल्ला दिला तो लाखमोलाचा. अंधार पडायच्या आत थांबायची जागा धरा, आणि थांबल्यावर गाडी सपाटीला उभी आहे का ते आधी बघा, नाहीतर रात्रभर डोकं खाली, पाय वर. आणि एका गाडीत एकाच माणसानं सगळी कामं केली तर तिसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं. त्यांच्यात चालवणारा स्वयंपाक करत नाही, आणि ज्यानं स्वयंपाक केला तो भांडी घासत नाही.

भाऊजी परत येताना बराच वेळ गप्प होते.

वाटेत बंजारी मातेच्या देवळात गेलो. हे रावांभाठ्याचं देऊळ रायपूर पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. नवी गाडी घेतली की लोक इथे आणतात. पाठीवर मीठ-धान्य लादलेल्या बैलांचे तांडे घेऊन देशभर हिंडणाऱ्या बंजाऱ्यांची ही देवी. आपल्याकडे लमाणांचे तांडे म्हणतात तेच हे लोक. बिऱ्हाड पाठीवर घेऊन शेकडो मैल चालणाऱ्यांच्या देवीपुढे हात जोडताना मला ताईचा प्रश्न पुन्हा आठवला. त्या तांड्यात रात्री चूल कोण पेटवत असेल?

चौकोनातला संसार

दुसऱ्या दिवशी मुलगा, सून, नात पुण्याहून आले आणि चौकोनात संसार सुरू झाला. नियम असा होता: चुन्याची रेघ म्हणजे भिंत, ती ओलांडायची नाही. दार एकच.

पहिल्या दहा मिनिटांत बॅगांचा निकाल लागला. ताईनं हौसेनं घेतलेल्या दोन टणक मोठ्या सुटकेस ठेवायला जागाच नव्हती. बाकड्यांखालच्या कप्प्यात दाबून बसतील अशा मऊ कापडी पिशव्याच हव्यात. रिकामी झालेली पिशवी घडी करून ठेवता येते, सुटकेसचं काय करणार? त्या दोन्ही सुटकेस पुढचे बारा दिवस कुणीतरी मांडीवर घेऊन बसायला हव्या होत्या.

मग एका माणसाला दाराकडे जायचं झालं की बाकी चौघांनी बसायचं, हे कळलं. सकाळी अंथरुणं काढल्याशिवाय टेबल होत नाही आणि टेबल झाल्याशिवाय नाश्ता होत नाही. पाहुण्यांसारखं आठ वाजेपर्यंत लोळणारा एक माणूस असला की सगळ्यांचा चहा अडतो. इथे तो माणूस कोण होता हे सांगत नाही, एवढंच सांगते की तो पुण्याहून आला होता.

पाण्यात मात्र ताई सगळ्यांची गुरू निघाली. गाडीच्या टाकीत साधारण शंभर लिटर पाणी. पाच माणसं. दोन अंघोळी झाल्या की खडखडाट. मुलगा कागदावर हिशेब मांडत बसला आणि ताईनं दहा लिटरच्या बादलीत पाच जणांची जेवणाची भांडी घासून दाखवली. आधी कागदानं पुसून घ्यायची, मग एका घमेल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं. मे महिन्यात टँकरची वाट बघत संसार केलेल्या बाईला हे कुणी शिकवायला नको. अंघोळी तळावरच्या न्हाणीघरात करायच्या, टाकीतलं पाणी स्वयंपाकाला, असं ठरलं. हेही ठरलं की दोन रात्री मोकळ्या, साध्या सरकारी तळावर राहिलं तर तिसरी रात्र वीज-पाणी असलेल्या तळावर. विजेचा जोड घेतला नसेल तर गाडीतला मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली चालत नाही. बॅटरीवर दिवे आणि पंप चालतो, बस. घरचा मिक्सर न्यायचा विचार होता. तिथला विजेचा दाब आपल्याइतकाच, फक्त प्लगची पातं तिरकी, त्याला अडॅप्टर लागतो. पण मिक्सरच रद्द झाला. वाटण न करता होणारे पदार्थच करायचे, असं सुनेनं सांगितलं आणि ताईनं पहिल्यांदाच मान डोलावली.

फोडणीचा प्रश्नही तिथेच निघाला. बहुतेक गाड्यांत धुराचा इशारा देणारं यंत्र असतं. मोहरी-मिरची तडतडली की ते किंचाळणार! शिवाय मसाल्याचा वास गाद्यांत बसतो आणि गाडी परत देताना सफाईचे पैसे कापले जाऊ शकतात. तेव्हा तळण बंद, फोडणी हवी तर तळावरच्या सामाईक स्वयंपाकघरात. आणि गाडी चालू असताना मागे उभं राहून चहा टाकायचा, हे ताईच्या डोक्यातलं चित्र तर मुलानं लगेच पुसलं. चालत्या गाडीत प्रत्येकानं पट्टा बांधून बसायचं, गॅस बंद.

आता एका नाजूक विषयाकडे येते. आपल्या लेखांतून तो सहसा टाळतात, पण या सहलीत तो टळत नाही. गाडीतल्या शौचालयाखाली सुटकेसएवढी एक पेटी असते. ती भरली की बाहेरच्या बाजूनं ओढून काढायची, ठरलेल्या ठिकाणी नेऊन ओतायची, धुवायची, औषध घालून परत बसवायची. भांड्यांचं सांडपाणीही तिथेच सोडायचं, रस्त्याकडेला नाही. न्यूझीलंडच्या 2023 च्या कायद्यानं तर असं ठरवलं की मोकळ्या जागी मुक्काम करणाऱ्या गाडीला प्रमाणपत्र हवं असेल तर शौचालय गाडीत पक्कं बसवलेलं असलंच पाहिजे. नुसती सुटी बादली चालणार नाही.

"ते काम तिथे कोण करतं?" भाऊजींनी विचारलं.

"आपणच, बाबा."

भाऊजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते वाईट माणूस नाहीत. पण या घरात, आणि खरं सांगायचं तर माझ्या माहेरीसुद्धा, संडास घासणारा पुरुष मी पाहिलेला नाही. ते एकतर बाईचं काम, नाहीतर पैसे देऊन दुसऱ्या कुणाचं, आणि तो दुसरा कोण असतो हे आपल्याला चांगलं ठाऊक असतं. ताई काही बोलली नाही. ती ओट्याच्या चौकोनात पातेलं घेऊन उभी राहून नवऱ्याकडे बघत होती. अखेर मुलानं वही काढली आणि रावांभाठ्याचा नियम मांडला. जो चालवेल तो स्वयंपाक करणार नाही, जो स्वयंपाक करेल तो भांडी घासणार नाही, आणि पेटी रोज एकानं, पाळीपाळीनं, नात सोडून सगळ्यांनी. बारा दिवस, चार मोठी माणसं, प्रत्येकाच्या वाट्याला तीन पाळ्या.

"आणि स्वयंपाक?" ताईनं विचारलं.

तोही तसाच. तीन दिवस सून, तीन दिवस मुलगा, तीन दिवस ताई आणि तीन दिवस भाऊजी. भाऊजींना खिचडी येत नाही, चहा येत नाही. त्यांना दोन महिन्यांची मुदत मिळाली.

पिशवीत काय, रस्त्यात काय

खाण्याचे पदार्थ नेण्याबद्दल आपल्या मंडळींच्या मनात पुष्कळ गैरसमज आहेत. न्यूझीलंड हा शेतीवर जगणारा देश, बाहेरून कीड-रोग येऊ नये म्हणून विमानतळावर डोळ्यांत तेल घालून तपासतो. प्रवाशानं जाहीरपत्र भरायचं असतं. आता ते ऑनलाइन आणि मोफत आहे. खाण्याची प्रत्येक वस्तू त्यात सांगायची. सांगितली आणि चालत नसली तर ती काढून घेतील, तेवढंच. लपवली आणि सापडली तर जागेवर 400 डॉलर दंड. मध, ताजी फळं, भाज्या, कडीपत्त्याची डहाळी नेऊच नका. कंपनीच्या बंद पाकिटातले मसाले, पोहे, पापड न्या आणि बिनदिक्कत सांगा. ताईनं लोणच्याची बरणी बाजूला ठेवली आणि ठेठरीचा डबा घेतला. तोही दाखवणार, आवडला तर ठेवून घ्या म्हणावं!

खाण्याइतकाच डोळा बुटांवर असतो. माती लागलेले बूट, तंबू, काठ्या हे सगळंही सांगावं लागतं. भाऊजींच्या कारखान्यातल्या बुटांच्या खाचांत तीस वर्षांचा उरला बसलेला होता. ते बूट राहिले बीरगांवातच, नवे घेतले. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हे मधुमेही वाचकांनी विशेष लक्षात ठेवावं.

रस्त्यावरून मात्र बाप-लेकांत कडाक्याचं भांडण झालं. भाऊजी रायपूर ते नागपूर, म्हणजे पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, जेवणापूर्वी कापणारे. त्यांनी रोज पाचशेचा बेत केला होता, उत्तर बेट, दक्षिण बेट, मधली बोट, सगळं बारा दिवसांत. मुलानं नकाशावर काट मारून फक्त दक्षिण बेट ठेवलं. क्राइस्टचर्चला उतरायचं, पहिली रात्र साध्या खोलीत झोप काढायची, कारण भारतातून तिथे जायला एक तरी विमान बदलावं लागतं आणि घड्याळही साडेसात तास पुढे जातं. अर्धवट झोपेत सात मीटरची गाडी ताब्यात घेऊ नये. मग टेकापो तलाव, सव्वादोनशे किलोमीटर. तिथून आओराकी माउंट कुक, 3724 मीटरचं तिथलं सर्वांत उंच शिखर, शंभरेक किलोमीटर. पुढे क्वीन्सटाउन, ते अनाऊ, आणि तिथून मिलफर्ड साउंडची खाडी, जाऊन-येऊन 240 किलोमीटर. या रस्त्यावर डोंगराच्या पोटातून जाणारा होमर बोगदा लागतो, सव्वा किलोमीटर लांब, 1954 मध्ये खुला झालेला. ते अनाऊला टाकी भरून घ्यायची, पुढे पंपाचा भरवसा धरायचा नाही. साधारण मे ते नोव्हेंबर बर्फाच्या साखळ्या जवळ ठेवाव्या लागतात. हे लोक नोव्हेंबरच्या अखेरीस जाताहेत. तो तिथला वसंत. संध्याकाळी नऊपर्यंत उजेड, डिसेंबर-जानेवारीची गर्दी आणि चढे भाव अजून सुरू न झालेले. मिलफर्डला चावऱ्या माश्या भरपूर, अंगाला लावायचं मलम विसरू नये. बीरगांवच्या डासांपुढे त्यांचं काय चालणार, असं भाऊजींचं मत आहे. बघू.

रात्री नातीनं चौकोनातच झोपायचा हट्ट धरला. आकाश निरभ्र होतं, म्हणून सतरंज्या घातल्या. पहाटे चारला पाऊस आला आणि सगळे पळत घरात. सकाळी पाहते तो चुना वाहून गेलेला, ओट्याची रेघ तेवढी पुसट दिसत होती.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला म्हणून मी आत गेले. ताई दाराशी पाट टाकून बसली होती, हाताची घडी घालून. ओट्यापुढे भाऊजी. आधण उकळून निम्मं झालं होतं. त्यांनी एक डबा उघडला, त्यात रवा. दुसरा उघडला, त्यात तांदूळ. तिसऱ्यात मीठ, ते त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिलं.

"अगं, साखर कुठे असते?"

"शोधा," ताई म्हणाली.